पेटीबरोबरचं पत्र

आमच्या घरात शंभराच्या वर चित्रं आहेत, आणि भिंतीवर लटकतंय ते एक कॅलेंडर. तेही औषधाच्या दुकानाने फुकट दिलेलं. चित्रं सगळी लाकडी पेट्यांत, पेट्या खालच्या मोठ्या खोलीत, आणि खोलीची किल्ली माझ्याकडे. पण पेटी उघडायचा हक्क मात्र फक्त माझ्या थोरल्या भावाला. दादा चित्रं जमवतो. म्हणजे तो देशोदेशी हिंडतो, लिलावात हात वर करतो, म्हाताऱ्या चित्रकारांच्या घरी पोटभर जेवतो, आणि पुढचं सगळं मी घरी बसून निस्तरते.

पुढचं सगळं म्हणजे काय ते एकदा सांगूनच टाकते, कारण दादा लोकांना सांगतो, "बहीण घरीच असते, ती थोडंफार बघते." थोडंफार! विकणाऱ्यांशी पत्रव्यवहार, विमा, जहाजवाले, विमानवाले, जकातीचे कागद, कुठल्या बंदरात पेटी अडकली त्याचा शोध, ती सोडवण्यासाठी कुणातरी साहेबाची मनधरणी, आभाराची पत्रं, नकाराची पत्रं, एखादा चित्रकार गेला की त्याच्या बायकोला सांत्वनाचं पत्र. हे सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका कोपऱ्यात भाजी चिरून ठेवलेली. कागदावर दादाचं छापील नाव, खाली दादाच्या सहीचा रबरी शिक्का. शिवाय त्याने मुखत्यारपत्र करून मला खऱ्या सहीचाही अधिकार दिलाय, कारण साहेबांना सह्या करायला सवड नसते. कलेच्या दुनियेत दादाची ओळख "फार सुंदर पत्रं लिहिणारा माणूस" अशी आहे. प्रत्यक्षात त्याला दोन ओळींचा निरोप धड लिहिता येत नाही. मला मेसेज येतो, "त्यांना हो सांग." कुणाला, कशाला, ते मी शोधून काढायचं.

लग्न मोडून मी या घरी परत आले तेव्हा दादा म्हणाला होता, "बरंच झालं. तुला तरी आता दुसरं काय काम आहे?" ते वाक्य मी विसरलेली नाही आणि विसरायचा विचारही नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिलेत, पण आमचे दादासाहेब विमानातून हाकतात.

खालच्या खोलीचे लाड सांगण्यासारखे आहेत. घरातली सगळ्यात मोठी, सगळ्यात कोरडी खोली, लागूनच न्हाणीघर, फाटकाकडे उघडणाऱ्या दोन मोठ्या खिडक्या. दादाने खिडक्यांना काळा कागद लावला, कारण उन्हाने रंग उडतात. कोपऱ्यात हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र बसवलं. ते दिवसरात्र घुरघुरतं आणि त्याच्या टाकीत साठलेलं पाणी मी रोज सकाळी ओतते. पेटी आली की दोन दिवस तशीच ठेवायची, तिला आमच्या घरातली हवा मानवली पाहिजे. प्रत्येक पेटीवर बाणाची खूण, फुटक्या पेल्याची खूण आणि एक छोटी पांढरी पट्टी असते. वाटेत पेटी कलंडली की पट्टी लाल होते. मी ती पट्टी बघायची, फोटो काढून दादाला पाठवायचा. दोन दिवसांनी दादाने येऊन पेटी उघडायची असते. तो दीड-दोन वर्षांतून एकदा उगवतो, तीनचार पेट्या उघडतो, चित्रासमोर उभा राहून मान हलवतो, पुन्हा खिळे ठोकायला लावतो आणि जातो. बाकीच्यांची झाकणं आल्यापासून कुणी उचललेली नाहीत.

आणि बाबा वरच्या मजल्यावर. अरुंद जिना, वरती दोन खोल्या, एक त्यांची, एक माझी. बाबांना फोनवर कुणाचं बोलणं समजत नाही. "हॅलो, हॅलो" करतात आणि चिडून ठेवून देतात. म्हणून पहिली पेटी आली तेव्हा ते जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाले, "माझ्यासाठी काही पाठवलंय का त्याने त्यात?" मी दादाला फोन केला. तो कुठल्याशा विमानतळावर होता. म्हणाला, "लिही ना काहीतरी माझ्या नावाने. तू लिहितेसच की सगळ्यांना."

लिहिलं. पेटीवर कागदपत्रांचं एक पाकीट चिकटवलेलं असतं, त्यातून आलं म्हणून सांगितलं, अक्षरही दादासारखंच वळवलं. बाबांनी भिंग लावून दोनदा वाचलं. झालं, तेव्हापासून पेटी म्हणजे पत्र असं समीकरणच बसलं. ट्रकचा आवाज आला की वरून हाक यायची, "आलं का?" पेटी आली का असं ते विचारायचेच नाहीत, विचारायचे ते पत्राबद्दल.

दादाच्या पत्रांत मी काय लिहायची? तिकडच्या हवेबद्दल, बघितलेल्या चित्रांबद्दल, आणि मग बाबांची चौकशी. झोप लागते का, चष्मा बदलला का. बाबांच्या खिडकीत शेजाऱ्यांचा एक फाटक्या कानाचा बोका येऊन बसायचा, त्याला ते कानफाट्या म्हणायचे. प्रत्येक पत्रात दादा विचारायचा, "कानफाट्या येतो का अजून?" बाबा खूश. कधी दादा घरी आलाच तर ते म्हणायचे, "पत्र मिळालं हो तुझं." दादा पेट्यांकडे बघत म्हणायचा, "हं, हं." दोघेही मितभाषी, त्यामुळे निभावलं.

उत्तरंही यायची. बाबा कागदाची घट्ट घडी करून माझ्या हातात ठेवायचे. "पोस्टात टाक. आणि वाचू नकोस." दादाच्या नावाचं प्रत्येक पत्र उघडून वाचणं हेच माझं काम, हे त्यांना कसं सांगणार? मी उघडायची. आत मीच असायची. "तुझी बहीण बोलते की दगड मारते तेच कळत नाही." "तुझ्या बहिणीच्या कपाळावरची आठी आता कायमची झाली आहे." "काल मी दोनदा चहा मागितला तर तिने असा कप आपटला की बशीला चीर गेली." बशीला आधीपासूनच चीर होती, पण ते असो.

याला उत्तर दादाने द्यायचं होतं. म्हणजे मी. आता मी कामात चोख आहे. कुणाच्या नावाने लिहायचं तर त्याच्याच तोंडचं लिहायचं, आपलं घुसडायचं नाही. दादाने जन्मात कधी माझी बाजू घेतलेली नाही, मग पत्रात कशी घेईल? म्हणून मी दर वेळी लिहायची, "ती तशीच आहे, बाबा. सहन करा." शिक्का मारायची, वर नेऊन द्यायची. बाबा वाचून पाकिटात ठेवायचे आणि दिवसभर माझ्याशी आणखी तुसडेपणाने वागायचे. मी मनात म्हणायची, वा गं पोरी, स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेयस, आणि वर त्यावर शिक्काही मारतेयस.

मग ते पडले. भर दुपारी ट्रक आला. मी फाटकात उभी राहून कागदावर सही करत होते. आमच्या पेट्या बनवणारा आणि त्यांची ने-आण करणारा एक मिस्त्री आहे, तो आणि त्याची दोन माणसं पेटी खाली उतरवत होते. आतून धडधड आवाज आला. हाक मारूनही मी पत्र नेलं नाही म्हणून बाबा स्वतःच जिना उतरायला निघाले होते. पाचसहा पायऱ्या घरंगळत खाली आले. खुब्याचं हाड मोडलं. मिस्त्रीने आणि मी त्यांना त्याच ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेलं. पेटी फाटकाशी तशीच राहिली. संध्याकाळी परत येऊन बघितलं तर तिच्यावरची पट्टी पांढरीच्या पांढरी होती. मला इतका संताप आला की मी त्या पेटीला लाथ घातली.

डॉक्टर म्हणाले, "हाड जुळेल. पण आता जिना नाही. कधीच नाही. खाली सोय करा, न्हाणीघर जवळ हवं." न्हाणीघर जवळ असलेली खोली खाली एकच आहे. मी दादाला फोन लावला.

"बाबा घरी येणार आहेत," मी म्हटलं. "खालची खोली रिकामी करायची आहे."

"ती खोली नाही होणार."

"त्यांना जिना चढता येणार नाही, दादा."

"तेच म्हणतोय ना मी. घर त्यांच्यासाठी राहिलंच नाही आता. एक चांगलं ठिकाण माहीत आहे मला. म्हाताऱ्या माणसांची नीट काळजी घेतात. नर्स आहेत, बाग आहे."

"बाग! आणि त्यांचं स्वतःचं घर आहे, त्याचं काय? घर बाबांचं आहे, दादा. तुझं नाही, माझं नाही."

"त्या खोलीतली हवा जमवायला मला वर्षं लागली आहेत. एक खिडकी उघडलीस तर काय नुकसान होईल याची अक्कल आहे का तुला? पेट्यांना हात लावायचा नाही. मी त्या ठिकाणी कळवतो, दवाखान्यातून त्यांना थेट तिकडेच न्यायचं."

"चित्रांना सर्दी होऊ नये म्हणून बापाला घराबाहेर काढतोस?"

"नाटकं करू नकोस. तुझा जन्म गेला चिडण्यात." आणि फोन बंद.

दवाखान्यात बाबांना सांगितलं तर तेही उलटेच. "त्याच्या पेट्या हलवायच्या नाहीत," ते म्हणाले. "त्याचा जीव आहे त्यात. मी जाईन कुठेही. तू त्याच्या वस्तूंना हात लावू नकोस, तू त्याला पहिल्यापासून पाण्यात पाहतेस." खाटेवर सरळ पडलेला, पायाला वजन लटकवलेला माणूस, आणि जो त्याला घराबाहेर काढतोय त्याचीच वकिली करत होता. ती वकिली मीच तर शिकवली होती, दर पेटीला एक पत्र. मी बाहेर जाऊन बाकावर बसले आणि दातओठ खात रडले.

बाबा त्या बागेत एक महिना टिकले नसते हे मला माहीत होतं. ते परक्या ठिकाणी पाणीसुद्धा मागत नाहीत. मला ते घरी हवे होते. प्रेमाने म्हणा, हट्टाने म्हणा. हरायचं नव्हतं, हेही त्यात होतंच.

एका मोठ्या शहरातलं संग्रहालय दादाच्या मागे कित्येक वर्षं लागलं होतं. तिथल्या संचालिका दर वर्षी लिहायच्या, तुमचा संग्रह आम्हाला दोन वर्षांसाठी द्या, आम्ही तो उघडून, नीट करून, लोकांना दाखवू. दादा दर वर्षी मला कळवायचा, "नको सांग." आणि मी दर वर्षी इतका गोड नकार लिहायची की बाई पुढच्या वर्षी पुन्हा उमेदीने विचारायच्या. या वर्षीचं त्यांचं पत्र टेबलावर उत्तराच्या गठ्ठ्यातच होतं. मी दादाच्या नावाचा कागद घेतला आणि लिहिलं, "आपली विनंती मान्य आहे. मात्र आपली गाडी या आठवड्यातच यायला हवी." करार आला त्यावर रबरी शिक्का मारला नाही. मुखत्यार म्हणून माझी खरी सही केली, चांगली ठसठशीत.

गाड्या आल्या. मिस्त्री प्रत्येक पेटी बाहेर काढताना माझ्याकडे बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "ताई, साहेबांना ठाऊक आहे ना हे?"

"साहेबांच्याच सहीचा अधिकार आहे माझ्याकडे."

"अधिकार आहे हो. ठाऊक आहे का ते विचारलं मी."

"मिस्त्री, तुम्ही खिळे बघा."

तो हसला आणि खिळे बघायला लागला. दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. मी खिडक्यांवरचा काळा कागद ओरबाडून काढला, यंत्राची वायर उपसली. घरात इतकी शांतता पसरली की माझे मलाच कान वाजल्यासारखे वाटले. बाबांची खाट मिस्त्रीने वरून उतरवून खिडकीशी लावली. जाताना त्याने खिशातून ती कलंडल्यावर लाल होणारी पट्टी काढली आणि खाटेच्या दांडीला चिकटवली. "आता कळेल पडले की," म्हणाला. मला हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

बाबा आल्या आल्या खवळले. "पेट्या कुठे आहेत त्याच्या? काय केलंस?"

मी तयारीत होते. पत्र पुढे केलं. दादाचंच, दुसऱ्या कुणाचं? "बाबा, तुम्ही खालच्या खोलीत राहा. माझ्या पेट्यांची सोय मी दुसरीकडे केली आहे. चित्रं काय, थांबतील. कानफाट्याला खालच्या खिडकीची सवय लावा."

बाबांनी भिंग लावून वाचलं. "बघ," ते म्हणाले. "बघ जरा. मुलगा असावा तर असा. आणि तू त्याला नावं ठेवत होतीस." मी म्हटलं, "सूप आणते," आणि तिथून निघाले, नाहीतर हातातला पेला फेकला असता.

दादाला कळायला फार दिवस लागले नाहीत. पत्रं सगळी माझ्याकडे येतात, फोन माझ्याकडे येतात, पण माणसं एकमेकांना भेटतात त्याला मी काय करणार? कुठल्याशा लिलावाच्या दारात त्या संचालिका बाई दादाला भेटल्या आणि त्याचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, तुमचं होकाराचं पत्र वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दादा पुढच्या विमानाने घरी.

तो आला तेव्हा मी बाबांची चादर बदलत होते. दादा दारात उभा राहिला. रिकाम्या भिंती, उघड्या खिडक्या, जमिनीवर पसरलेलं ऊन, सगळीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"चोर आहेस तू," तो म्हणाला.

"कसे आहात बाबा, असं विचारायची पद्धत आहे," मी म्हटलं.

"बाबा, हिने काय केलंय माहीत आहे? माझ्या नावाने खोटं पत्र पाठवून माझा सगळा संग्रह घराबाहेर घालवला. दोन वर्षं परत मागता येणार नाही मला."

बाबा गोंधळले. "खोटं कसं? तूच कळवलंस की. हे बघ." त्यांनी उशीखालून पत्र काढून त्याच्यापुढे धरलं.

दादाने वाचलं आणि हसला. ते हसणं मला अजून आठवतं आणि अजून राग येतो. "हे मी लिहिलंय? कानफाट्या कोण? बाबा, मी तुम्हाला आयुष्यात एकही पत्र लिहिलेलं नाही. हे हिने लिहिलंय. सगळीच हिने लिहिली असणार."

"तूच सांगितलं होतंस," मी म्हटलं. आवाज चढला होता. "विमानतळावरून! लिही माझ्या नावाने म्हणालास!"

"एकदा सांगितलं होतं! एकदा!"

"मग पुढची तू लिहायची होतीस! कुणी हात धरला होता तुझा? आता चोराच्या उलट्या बोंबा!"

"गप्प बसा," बाबा म्हणाले. मोठ्याने नाही, पण आम्ही गप्प बसलो. त्यांनी दादाकडे बघितलंही नाही, मला विचारलं, "सगळी?"

"सगळी."

"आणि माझी उत्तरं?"

"माझ्याकडेच यायची."

"वाचलीस?"

"हो."

ते डोळे मिटून पडून राहिले. दादाला वाटलं, जिंकलं. तो खाटेच्या कडेला बसला, आवाज मऊ केला. चित्रांचे भाव पाडताना बहुधा असाच करत असेल. "बाबा, ही अशी. इतकी वर्षं तुम्हाला फसवत आली. हिच्या भरवशावर तुम्ही इथे एकटे राहणार? बाहेर गाडी उभी आहे. मी सगळं ठरवलंय. तिथे तुमची उत्तम सोय होईल."

मीच लिहिलेल्या मुलावर त्यांचा जीव होता, आणि तो मुलगा आता नाहीसा झाला होता. ते गाडीत बसायला तयार झाले असते तर मी त्यांना कुठल्या तोंडाने थांबवणार होते? मला फक्त एवढंच दिसत होतं की ते जातील आणि तिथे पाणी मागणार नाहीत.

बाबांनी डोळे उघडले. दादाला म्हणाले, "तो खिडकीत बसलाय तो बघ."

खिडकीत बोका बसला होता. खालची खिडकी त्याला चार दिवसांतच सापडली होती.

"बोका आहे," दादा म्हणाला.

"त्याचा कान बघितलास?"

"बाबा, गाडीवाला खोळंबलाय."

"मग जा. त्याला परत पाठव," बाबा म्हणाले. "मी माझ्या घरातून कुठे जात नाही. तूही आता गाडी उभीच आहे तर तिच्यातूनच जा." दादा काही बोलायला गेला तर त्यांनी हात वर केला. मग मान माझ्याकडे वळवली. "आणि तू. तू माझ्यासमोर येऊ नकोस. ताट ठेव आणि जा."

दादा दारातून मला म्हणाला, "आजपासून तुझ्याकडचं माझं काम बंद. कंपनी नेमतो मी. बघू तू काय करतेस ते."

"झोप काढते," मी म्हटलं आणि त्याच्या पाठीवर दार आपटलं.

पुढचे दिवस वाईट गेले. मी ताट ठेवायची, बाबा भिंतीकडे बघत जेवायचे. उठवून बसवायला माझा खांदा लागायचा, तो ते दांडी धरावी तसा धरायचे, बोलणं शून्य. वरून आणलेला पत्रांचा गठ्ठा त्यांनी खाटेखाली सारला. रागावलेल्या माणसाची सेवा करणं मला नवीन नव्हतं, पण पूर्वी तो राग फुकटचा होता, आता कारण होतं. स्वयंपाकघरात टेबल रिकामं. फोन वाजत नव्हता. मी कागद आवरायला घ्यायची आणि तसेच ठेवायची.

मग एका सकाळी ट्रक थांबल्याचा आवाज आला. मी फाटकात गेले. मिस्त्री उतरला, ओशाळून म्हणाला, "ताई, ही आधीच निघालेली होती, जुन्या पत्त्यावर. शेवटची. साहेबांच्या कंपनीचा पत्ता द्या, तिकडे टाकतो."

मी पत्ता सांगत होते तेवढ्यात खिडकीतून हाक आली.

"आलं का?"

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. सवयीने तोंडून निघाली असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं.

"अगं, आलं का म्हणतोय मी!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताडताड आत गेले. त्यांच्यासमोर यायचं नाही ते विसरून खाटेपुढे उभी राहिले. "काय आलं का? पत्र? कोण पाठवणार? कळलं ना आता सगळं? अजून काय हवंय?"

"कळलं, म्हणून काय झालं?" बाबा म्हणाले. "पेटी आली तर पत्र नको?"

"कुणाचं पत्र?"

"त्याचंच. त्याच्याच नावाने लिही. तुझ्या नावाने गोड लिहायला तुला जमायचं नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. थट्टा करत नव्हते. कपाळावर माझ्यासारखीच आठी होती.

"आणि या खेपेला जरा नीट लिहायला सांग त्याला," ते म्हणाले.

"नीट म्हणजे?"

"इतकी वर्षं मी त्याला तुझ्या तक्रारी लिहिल्या. कप आपटते, दगड मारते, काय काय लिहिलं. कशाला लिहीत होतो? म्हटलं, भाऊ आहे, कधीतरी चिडेल. कळवेल मला, बाबा, तिला असं बोलू नका, ती आहे म्हणून तुमचं चाललंय. वाट बघायचो मी. दर पेटीला वाट बघायचो. तर दर वेळी आपलं तेच, 'ती तशीच आहे, सहन करा.' असा राग यायचा मला त्याचा! एक चांगला शब्द नाही बहिणीबद्दल. एक!" त्यांना दम लागला. "आणि आता कळतंय, लिहीत होतीस तू."

मी आणखीच चिडले. "दादा कधी तसं लिहिणारा आहे का? त्याच्या तोंडी ते शोभलं तरी असतं का?"

"बोक्याची चौकशी शोभली तेवढी!" बाबा ओरडले.

बाहेर मिस्त्रीने ट्रक सुरू केला आणि पेटी घेऊन गेला. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. मी स्वयंपाकघरात आले. दादाच्या नावाचे कागद टेबलावर तसेच होते. वरचा एक ओढला. "प्रिय बाबा, तब्येत कशी आहे? कानफाट्या येतो का अजून?" इथपर्यंत हात सवयीने चालला. पुढच्या ओळीला "तुमची मुलगी" एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. एक शब्द खोडला, दुसरा लिहिला, तोही खोडला. जगभरच्या लोकांना लिहून झालं होतं, आणि या एका ओळीला मला शब्द सुचेना.

"झालं का?" आतून आवाज आला.

"थांबा जरा!" मी ओरडले. "सोपं आहे का ते!"